चीनहून दर एप्रिलला एक कोट

शनिवार, १२ जुलै. काम: लॉफ्टमधून ‘चीन’ लिहिलेलं खोकं खाली काढणे.

मिलिंद खाली शिडी धरून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, “सापडलं?” नॉटिंगहॅमच्या आमच्या घराच्या लॉफ्टमध्ये ताठ उभं राहता येत नाही, उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही, आणि इन्सुलेशनची लोकर अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. असल्या जागी आपण आठवणी ठेवतो.

“सापडलं. पुस्तकं आहेत आत.”

“सगळी?”

“सगळी. मोजत बसू का इथे?”

“मोजू नको. उतर आणि ठरव. मावशी साडेपाचला येणार. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. आणि मी सांगायला लागलो तर त्याचं व्याख्यान होतं, हे तुला माहीत आहे.”

हे मला बावीस वर्षांच्या संसाराने माहीत आहे. ती वेळ येऊ नये म्हणून मी उतरले.

मावशीला काय सांगायचं होतं, हे कळायला आधी आमची नोकरी कळायला हवी.

आम्ही दोघं शिक्षक. मी गणित, मिलिंद फिजिक्स. मूळचे नागपूरचे, पुढे नॉटिंगहॅमचे, आणि मधली चार वर्षं चीनमधल्या एका शाळेत. शहर मध्यम होतं. तिकडचं मध्यम म्हणजे आपलं नागपूर त्यात दोनदा मावेल. शाळा तिथल्या मुलांना इंग्लंडच्या ए-लेव्हल परीक्षेला बसवायची. अशा शाळांना नवराबायको शिक्षक फार आवडतात. दोघांना मिळून एक फ्लॅट पुरतो, आणि एकटा शिक्षक जसा घरच्या आठवणीने अर्ध्या वर्षात पळून जातो तसं जोडपं जात नाही. त्यांची भांडायची सोय बरोबरच असते.

लोक विचारतात, चिनी मुलांना गणित काय शिकवलंत? खरं उत्तर: काहीच नाही. त्यांना गणित माझ्याइतकं येत होतं, दोघातिघांना जास्तच. येत नव्हती ती गणितातली गोष्ट. इंग्लंडची परीक्षा प्रत्येक आकड्याला एक माणूस चिकटवते. एक शेतकरी असतो, त्याच्याकडे ठरावीक लांबीचं कुंपण असतं, त्याला जास्तीत जास्त जमीन घेरायची असते. मुलं दोन ओळीत उत्तर काढायची आणि मग हात वर करायची. “मिस, तो कुंपण आणायच्या आधीच जमीन का मोजत नाही?” दुसरं गणित चहाच्या कपाचं. ऐंशी अंशांचा चहा टेबलावर ठेवलाय, दहा मिनिटांनी तो किती गार होईल? यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारलं होतं, “कोणी आजारी आहे का? पीत का नाहीत?” त्या देशात माणूस दिवसभर गरम पाणी पितो. चहा गार होऊ देणारा इसम त्यांना गणितात न बसणारा वाटला, आणि त्यांचं बरोबर होतं.

तर माझं काम होतं ‘रीत दाखवा’ हे शिकवण्याचं. उत्तर बरोबर असलं तरी तिथवर कसे आलात ते पायरीपायरीने लिहा, नाहीतर मार्क नाहीत. चार वर्षं रोज मी हे फळ्यावर लिहिलं. आयुष्यात स्वतः मात्र एका ठिकाणी रीत न दाखवता नुसतं उत्तर देऊन मोकळी झाले. तीच ही गोष्ट.

शिक्षकांच्या इमारतीत तळमजल्यावर लिन मावशी बसायच्या. वयाने मोठ्या बाईला मावशी म्हणायची रीत तिकडेही आहे. त्या इमारत सांभाळायच्या. किल्ल्या, पत्रं, गरम पाण्याचा बॉयलर, गॅसचं मीटर, आणि कोण कितीला गेलं, कोण कितीला आलं, बरोबर गेलं की वेगवेगळं. एकदा कुकरच्या शिटीवरून माझं आणि मिलिंदचं वाजलं आणि आम्ही सकाळी पाच मिनिटांच्या अंतराने बाहेर पडलो. दुसऱ्या तासाला माझा वर्ग माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. जेवणाच्या सुट्टीत वर्गशिक्षिकेने माझ्या टेबलावर दोन संत्री ठेवली आणि म्हणाली, “एक त्यांना द्या.” तिकडे मिलिंदच्या टेबलावरही दोन होती. संध्याकाळपर्यंत घरात चार संत्री आणि तह, दोन्ही झाले.

मावशींची नात मेई तेव्हा अकरा वर्षांची होती. आईवडील दुसऱ्या शहरात कामाला, म्हणून ती आजीजवळ. शाळेतून आली की मावशींच्या टेबलाशी बसून अभ्यास करायची आणि मला अडवून इंग्रजी बोलायची. मावशींचं आणि माझं संभाषण एक तर मेईमार्फत, नाहीतर फोनमधल्या भाषांतराने, नाहीतर मी पुस्तकातून शिकले त्या तुटपुंज्या चिनीतून.

आता धर्माचं. आमच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं की वर्गात धर्म आणि राजकारण बोलायचं नाही. मला त्यात अडचण नव्हती. कुंपणाच्या गणितात दोन्ही येत नाहीत. पहिल्याच महिन्यात एकाने विचारलं, “मिस, तुम्ही बुद्धाच्या देशातल्या ना? तुम्ही मानता का?” मी म्हटलं, “पान चौऱ्याऐंशी काढा.” घरात मात्र आम्ही आमचे होतो. पुस्तकांच्या कपाटावर बुद्धाची वीतभर मूर्ती आणि मागे बाबासाहेबांचा फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक, खिशाला पेन. रविवारी सकाळी दोघंच बसून त्रिशरण पंचशील म्हणायचो. मिलिंद बेसूर आहे. तीस जणांत ते खपतं, दोघांत खपत नाही.

चीनला निघताना आमच्या विहारातले लोक हेव्याने म्हणाले होते, “बुद्धाच्या लोकांत चाललात.” त्यामुळे पहिल्या सुट्टीला आम्ही उत्साहाने टेकडीवरच्या विहारात गेलो. दारात तिकीट, आत उदबत्तीचा धूर, आणि आमच्याच शाळेचे तीन पालक मुलांच्या मार्कांसाठी गुडघे टेकून बसलेले. मिलिंद पुटपुटला, “नवस. इथंही नवस.” बरोबर आलेल्या लिन मावशींनी माझ्या हातात तीन उदबत्त्या दिल्या आणि मी त्या धरल्या ते बघून माझे हात धरून सरळ केले. “बुद्धाच्या गावची बाई,” त्या मेईला म्हणाल्या, “आणि हिला उदबत्ती धरता येत नाही.” मेईने ते अगदी जसंच्या तसं भाषांतर केलं. नंतर आम्ही मागच्या अंगणात एका बाकावर बसून हळू आवाजात वंदना म्हटली. झाडणारी एक म्हातारी झाडू थांबवून आमचं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग पुन्हा झाडायला लागली. तो रविवार वाया गेला नाही.

पहिल्या वर्षीचा १४ एप्रिल. जयंती असली तरी तिकडे कामाचा दिवस. पहिला तास सातचाळीसला. आम्ही पहाटे उठून पांढरे कपडे घातले, फोटोला फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. इतक्यात दार वाजलं. बॉयलर बघायला लिन मावशी. त्यांनी पाहिलं ते असं: पांढऱ्या कपड्यांत उभे नवराबायको, मेणबत्त्या, फुलं, आणि मधोमध एका वयस्क गृहस्थांचा फोटो.

चीनमध्ये पांढरं सुतकात घालतात. हे मला माहीत होतं, पण स्वतःच्या घरात स्वतःच्या सणाला कोण आठवतं.

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, फोटोकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, “येये?”

येये म्हणजे आजोबा, वडिलांचे वडील. हा शब्द मला चौथ्या धड्यात आला होता. नाही म्हणाले असते तर पुढे जे सांगावं लागलं असतं, त्याचे शब्द कुठल्याच धड्यात आले नव्हते. शिवाय करार होता. शिवाय सात दहा झाले होते आणि साडी बदलायची होती.

मी म्हटलं, “हो. येये.”

“त्यांचे?” मिलिंदकडे बोट.

“हो. त्यांचे.”

मावशींनी फोटोला तीनदा वाकून नमस्कार केला, मिलिंदच्या दंडावर थोपटलं आणि बॉयलर न बघताच गेल्या. चिनी न समजणाऱ्या मिलिंदने विचारलं, “काय म्हणाल्या?” मी सांगितलं. रागावला की त्याची नागपुरी बाहेर येते. “काहून? खरं सांगायला काय झालं होतं तुला? आता त्यांचा नातू झालो मी?”

“संध्याकाळी सांगते त्यांना.”

संध्याकाळी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर मावशी काही कामाने वर आल्या की आधी फोटोला मान लवायच्या, मग कामाला लागायच्या. आमचा बॉयलर इमारतीत सगळ्यात आधी दुरुस्त व्हायचा. खरं सांगण्याची निकड दिवसेंदिवस कमी होत गेली.

वर्ष गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे छिंगमिंग येतो. थडगी झाडून पूर्वजांची आठवण करायचा दिवस. कागदाच्या वस्तू जाळतात. कागदी नोटा, कागदी घर, कागदी मोटार, आता कागदी मोबाइलही. जाळलं की ते वर पोचतं. त्या दिवशी लिन मावशी आमच्या दारात मोठी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. “मागच्या वर्षी तुम्ही दहा दिवस उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “परदेशात कोण सांगणार तुम्हाला. यंदा मी आणलंय.”

पिशवीत कागदी कोट होता. निळा. बाजारात काळे आणि तपकिरी मिळतात, म्हणून त्यांनी निळा कागद आणून स्वतः शिवला होता. कागदी चष्मा होता. एक कागदी पेन. आणि एका पुठ्ठ्याच्या डबीत आगपेटीएवढी पुस्तकं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं कव्हर, पाठीला दोऱ्याची शिवण. फोटोत हातात पुस्तक आहे, ते त्यांनी पाहिलं होतं. पूजेच्या दुकानात बंगले मिळतात, पुस्तकं मिळत नाहीत. महिनाभर टेबलाशी बसून त्यांनी ती केली होती. आतली पानं कोरी होती. “ते काय वाचतात ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

दार लावल्यावर मिलिंद खुर्चीत बसला आणि म्हणाला, “सहावी प्रतिज्ञा.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: धम्म स्वीकारताना आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतो, त्यातली सहावी श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी आहे. आणि ज्यांनी ती प्रतिज्ञा दिली त्यांचंच श्राद्ध करायला आम्हाला बोलावलं होतं. तेही चीनमध्ये, कालव्याच्या काठी, चार वाजता.

“आता सांग,” तो म्हणाला.

“महिनाभर पुस्तकं शिवलीत तिने. आत्ता सांगू?”

“मग मी येणार नाही.”

“नातू नाही आला तर कसं दिसेल?”

त्यावर तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. पण आला.

कालव्याच्या काठी लोखंडी डबे ठेवलेले असतात, तिथेच जाळायची परवानगी. मावशींनी खडूने जमिनीवर गोल काढला, एक बाजू उघडी ठेवली. मग कोटाचं पाकीट माझ्यापुढे धरलं. नाव लिही. नाव नसेल तर दुसरंच कोणी घेऊन जातं. मी देवनागरीत ‘बाबासाहेब’ लिहिलं. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी मी खरी केली. काडी नातवाने लावायची असते. मिलिंद तीन पावलं मागे, हात पाठीशी, रागाने ताठ. मावशींना ते दुःख वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काडी माझ्या हातात दिली. कोट पेटला, चष्मा पेटला, पेन पेटलं. त्यांनी पुस्तकांची डबी उघडली तेव्हा मिलिंद पहिल्यांदा आणि शेवटचं बोलला.

“पुस्तकं जाळायची नाहीत.”

आमच्या लोकांनी आयुष्यात एकच पुस्तक जाळलं आहे, तेही विचार करून, चारचौघांत. त्याखेरीज पुस्तक जाळणं आमच्यात होत नाही, कोरं असलं तरी. पण हे मी चिनीत काय सांगणार? मी म्हटलं, “पुस्तकं आमच्यात घरूनच पाठवतात. आम्ही घरी करू.” मावशींना ते पटलं. प्रत्येक घराची आपली रीत असते.

अशा रीतीने एका खोट्याची दोन झाली. पुढच्या दोन्ही वर्षी हेच. कोट कालव्यावर, पुस्तकं आमच्या घरी. ती मी एका खोक्यात ठेवत गेले. फेकणं शक्य नव्हतं, जाळणं शक्य नव्हतं, आणि कपाटावर ठेवली तर मावशींना दिसली असती.

सहा वर्षांपूर्वी आम्ही नॉटिंगहॅमला परतलो. निघताना मावशींनी पुढच्या वर्षांची पुस्तकंही एकदमच बांधून दिली, तीही खोक्यात गेली. मला वाटलं, विषय आपोआप मिटला. पुढच्या एप्रिलला फोनवर फोटो आला. कालवा, लोखंडी डबा, पेटलेला निळा कोट. खाली भाषांतर: ‘आजोबांचा कोट पाठवला. यंदाची पुस्तकं तुम्ही घरून पाठवलीत ना?’ मी अंगठा पाठवला. पुढच्या वर्षीही फोटो, पुढच्या वर्षीही अंगठा. पाकिटावरचं नाव त्या पहिल्या पाकिटाच्या फोटोवरून बघून काढतात. दर वर्षी अक्षरं थोडी वितळतात. आता पहिला ‘बा’ ओळखू येतो, पुढे कुंपण दिसतं. पण काढतात. गेली सहा वर्षं बाबासाहेबांना दर एप्रिलला चीनहून एक कोट जातो आहे आणि त्याची पोच मी देते आहे.

मेई तीन वर्षांपूर्वी इथल्याच विद्यापीठात शिकायला आली. एकोणिसाव्या वर्षापासून ती आमच्याकडे महिन्यातून एकदा वरणभात खाऊन जाते. या जुलैत तिची पदवी झाली आणि समारंभासाठी लिन मावशी, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आल्या. शनिवारी आमच्याकडे जेवण. आणि मेईचा मेसेज: ‘आजीला रविवारी तुमच्याबरोबर तुमच्या विहारात यायचं आहे.’

आमचा विहार म्हणजे भाड्याचा कम्युनिटी हॉल. आषाढी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, ग्रंथवाचनाची सुरुवात. तिथे पुढे टेबलावर हाच फोटो, याच्या चौपट, आणि त्याला वंदन करणारी पन्नासेक माणसं. मिलिंदच्या आजोबांचा एवढा गोतावळा कसा, हे मावशी विचारणार होत्याच. म्हणून शनिवारीच सांगणं भाग होतं. आणि एवढ्या लांबून आलेल्या बाईला, तू नऊ वर्षं ज्याच्यासाठी कागद कापलास तो आमचा आजोबा नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, ते लॉफ्टमध्ये वाकून वाकून मला सुचलं नव्हतं.

साडेपाच म्हणजे साडेपाच. मावशी आकाराने लहान झाल्या होत्या, आवाजाने नाही. बूट काढले, स्वतःची गरम पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, खोलीभर नजर टाकली आणि फोटोसमोर जाऊन तीनदा वाकल्या. मग मिलिंदकडे वळून त्याचा चेहरा नीट बघितला आणि मेईला काहीतरी म्हणाल्या.

मेई म्हणाली, “आजी म्हणते, वय झालं तसं सरांचं नाक आजोबांवर जायला लागलंय.”

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी भाताचा चमचा खाली ठेवला.

“मेई,” मी म्हटलं, “आजीला एक सांगायचं आहे. ते मिलिंदचे आजोबा नाहीत.”

मेईने लगेच भाषांतर केलं नाही. “मिस, पण लायब्ररीत त्यांचं पुस्तक आहे. मागे हाच फोटो. सेकंड इयरला दिसला मला. मला वाटलं सरांचे आजोबा फेमस आहेत. मी माझ्या फ्लॅटमेट्सना सांगितलंय.”

“काय सांगितलंस?” मिलिंदने विचारलं.

“की भारताचं कॉन्स्टिट्यूशन लिहिणाऱ्यांचा नातू मला वरणभात वाढतो.”

मिलिंद उठून स्वयंपाकघरात गेला. हसत होता की काय करत होता ते कळलं नाही, पण नळ बराच वेळ चालू होता.

मग मी सगळं सांगितलं. रीत दाखवून. पांढरी साडी, चौथा धडा, सात दहा, करार. मेई वाक्यावाक्याला भाषांतर करत होती आणि मावशी जेवत होत्या. माझं झालं तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली.

“पाकिटावर नाव खरं लिहिलं होतंस?”

“खरं.”

“मग कोट पोचले,” त्या म्हणाल्या. “आजोबा कोणाचे का असेनात. त्यांच्या स्वतःच्या घरचे पाठवत नाहीत?”

आता मिलिंद दारात येऊन उभा होता. मला वाटलं आता व्याख्यान होणार, पण त्याने दोनच वाक्यं म्हटली. “मावशी, आम्ही कोणीच पाठवत नाही. मेलेल्याला काही पोचत नाही असं आम्ही मानतो, जे करायचं ते जिवंत माणसासाठी.”

मावशींनी ते ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही, राग आला असंही नाही. मग त्यांनी विचारलं, “आणि पुस्तकं?”

मी जाऊन खोकं आणलं. मला वाटत होतं की हे बघून त्यांना बरं वाटेल. तिकडून इकडे आणली, इतकी वर्षं जपली, एकाही कव्हरचा कोपरा दुमडला नाही. मावशींनी झाकण उघडलं. एक पुस्तक उचललं, दोऱ्याची शिवण अंगठ्याने तपासली, परत ठेवलं. दुसरं उचललं. मग मेईशी एकच वाक्य बोलल्या आणि मेईने मान खाली घातली.

“काय म्हणाल्या?”

“मिस...”

“सांग.”

“आजी म्हणते, दर वर्षी तुम्ही अंगठा पाठवलात.”

आजोबांचं खोटं त्यांनी घाईत सुटलेला शब्द म्हणून सोडून दिलं होतं. अंगठा घाईत सुटत नाही. तो शोधून, दाबून पाठवावा लागतो. त्यांच्या हिशेबी त्या माणसाला कोट मिळत गेले आणि हातातलं पुस्तक संपून वर्षं झाली, नवीन कोणी पाठवलंच नाही, आणि मी कळवत राहिले की पाठवलं.

“माझी चूक झाली,” मी म्हटलं. मेईने भाषांतर केलं. मावशींनी मान हलवली, म्हणजे ऐकलं, एवढंच. मग गरम पाणी प्यायल्या, केलेली खीर नको म्हणाल्या, आणि सातला निघाल्या. जाताना खोकं काखेत मारलं. “ही माझी आहेत.”

दारात मी विचारलं, “उद्या येणार का?”

त्या बूट घालत राहिल्या. मेईने खांदे उडवले.

आवरताना मिलिंद म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस.” मी म्हटलं, भांडी पूस.

सकाळी मी पांढरी साडी नेसले, खाली आले, डब्यात फुलं भरली आणि हॉलजवळच्या ट्राम स्टॉपवर जाऊन थांबले. मिलिंद सतरंज्या घेऊन आधीच हॉलवर गेला होता. साडेनऊच्या ट्राममधून उतरणाऱ्यांत मेईच्या शेजारी लाल कोट दिसला. मावशींना पांढरं घालून ये असा निरोप मी आदल्याच आठवड्यात मेईकडून पाठवला होता. “कोणी मेलेलं नाही,” असं म्हणून त्या लाल घालून आल्या होत्या. काखेत खोकं होतं.

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. “ठेव त्यांच्यासमोर. जाळू नको. वाचायला बसणार आहात ना सगळे? मग तिथे ठेव.”

हॉलमध्ये लोक जमत होते. मी टेबलावर फुलं मांडली, मेणबत्त्या मांडल्या, आणि मोठ्या फोटोखाली ती आगपेटीएवढी पुस्तकं एकेक करून उभी केली. लाल, हिरवी, पिवळी. टेबलाची सबंध कड भरली. मेश्राम काका आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, दर वर्षी वाचनाची सुरुवात तेच करतात. ते चष्मा सरसावत टेबलापाशी आले. “सुजाताताई, हे काय आणलंय? आणि या बाई कोण?”

‘चीनच्या मैत्रिणीने भेट आणलीय’ हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. खोटं नव्हतं, आणि वाचन सुरू व्हायला दहाच मिनिटं होती.

“काका, लांबची गोष्ट आहे,” मी म्हटलं. “त्यात सहावी प्रतिज्ञा मोडलेली आहे, आणि ती मी मोडलेली आहे. वाचन थोडं उशिरा सुरू केलं तर चालेल?”

काका पुढच्या खुर्चीत बसले. मिलिंदने हातातली सतरंजी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, या वेळी तीन पावलं मागे नाही. मी मावशींसाठी एक खुर्ची ओढली, मेईला म्हटलं, एकही वाक्य गाळू नको, आणि पांढऱ्या साडीपासून सुरुवात केली.